गळतंय? मग आवळू नका!

माझं एक ठाम मत आहे, ते आज एकदाचं लिहून टाकतो. फिशटँकचा एखादा जोड गळायला लागला की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. पाना सापडला की आवळायचं. थेंब थांबला तर ‘झालं काम’, नाही थांबला तर आणखी आवळायचं. मग एक दिवस ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि विषय मिटतो. फिटिंगचाही आणि लादीवरच्या सतरंजीचाही :-)

माझं म्हणणं उलटं आहे. गळणारा जोड आवळायचा नसतो. तो खोलायचा असतो.

तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी एवढा गंभीर विषय? पण धुळ्यात तो गंभीरच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची ज्या गावाला वर्षानुवर्षांची सवय, तिथे घरात दीडशे लिटर पाणी माशांसाठी भरून ठेवायचं म्हणजे उत्तर द्यावं लागतं. आमच्या आईचा प्रश्न ठरलेला: “माणसांना पुरेना, नि तुझ्या माशांना पोहायला हौद?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. टाकीतलं पाणी एकदाच भरलेलं असतं, तेच फिरत राहतं. आठवड्याला जेवढं बदलतो तेवढं बादलीने तुळशीला आणि जास्वंदीला जातं, आणि झाडांना ते साध्या पाण्यापेक्षा जास्त मानवतं. पण हे उत्तर टाकी गळत नसेल तरच खरं.

हिशोब करून बघा. सेकंदाला एक थेंब, आणि साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी. आठवड्याला तीस लिटर! दोन कळशा पाणी, तेही कुणी न वापरता. त्यामुळे माझ्या लेखी गळका फिशटँक हा शौक नव्हे, उधळपट्टी आहे.

आता ज्यांच्याकडे साधा काचेचा चौकोन आणि बुडबुडे काढणारा पंप एवढंच आहे, ते विचारतील की फिशटँकला प्लंबिंग कुठून आलं? मोठ्या टाकीखाली स्टँडमध्ये दुसरी छोटी टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीच्या काचेला भोक पाडून पाणी खाली उतरवायचं, संपमध्ये गाळायचं आणि पंपाने पुन्हा वर चढवायचं. त्या भोकात बसतो तो टँक निपल. गच्चीवरच्या टाकीला असतो तोच. पुढे एल्बो, बॉल व्हॉल्व्ह, युनियन वगैरे नेहमीची मंडळी. थोडक्यात, घरातलीच नळजोडणी, फक्त दिवाणखान्यात आणि विजेच्या बोर्डाशेजारी.

आणि इथेच पहिली मेख आहे. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या नळापर्यंत दहा मीटर उंची धरली, तर तिथे पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. फिशटँकच्या तळाच्या निपलवर पाण्याची उंची किती? फार तर अर्धा मीटर. म्हणजे दाब त्याच्या विसावा हिस्सा! एवढ्याशा दाबाला अडवायला ताकद लागतच नाही. मग जोड गळतो कशामुळे? कमी आवळल्यामुळे क्वचितच. काहीतरी नीट बसलेलं नाही म्हणून गळतो. वाकडं बसलेलं आणखी दाबलं तर सरळ होत नाही, तुटतं.

नीट न बसण्याची कारणं मोजकी आहेत, ती क्रमाने तपासावी.

पहिलं, वायसर. टँक निपलचा रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, निपलच्या कॉलरखाली हवा. तो फक्त बाहेरच्या चेकनटखाली असेल तर पाणी आट्यांच्या फटीतून आरामात बाहेर येतं. वायसरखाली वाळूचा एक कण असला तरी पुरे. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस्स. काचेला लावलेल्या नटाला पाइप पाना दाखवूसुद्धा नये.

दुसरं, आटे. आट्यांच्या दोन जाती: निमुळते आणि सरळ. निमुळत्या आट्यांवर टेफलॉन टेप काम करते. ती आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे जोडताना उलगडत नाही. सरळ आट्यांत पाणी अडवण्याचं काम वायसर करतो, टेपचे वीस वेढे दिले तरी उपयोग शून्य. आणि प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत निमुळता आटा जोर लावून घुसवला की पाचरीसारखा काम करतो आणि फिटिंग उभं चिरतं. ‘कट्’ आवाज तो हाच.

तिसरं, सोल्युशनचा जोड. सोल्युशन म्हणजे गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करून एकमेकांत विरघळवतं. म्हणून बाहेरून कडेकडेने ते चोपडण्याला काही अर्थ नाही, जोडाच्या आत ते पोचतच नाही. असा जोड गळला तर तो कापायचा आणि नवा करायचा. यूपीव्हीसीला यूपीव्हीसीचं, सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचं सोल्युशन, आणि पाणी सोडण्याआधी एक दिवस कळ काढायची.

चौथं कारण खास आपल्या गावचं, ते म्हणजे ऊन. जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात चाळीसच्या पार जातो. घरात फरक थोडा कमी पडतो, तरी वीस अंश धरा. पीव्हीसीचा मीटरभर पाइप तेवढ्यात मिलिमीटरहून जास्त लांबतो. काच त्याच्या सहा-सात पट कमी लांबते. दोन टोकं घट्ट अडकवलेला ताठ पाइप मग जाणार कुठे? तो जोडावर ओढाताण करतो. म्हणून मध्ये एक युनियन आणि वीतभर लवचिक नळी द्यावी. जोड टिकायचा तर कुठेतरी थोडी सैल जागा लागते, हे नुसतं पाइपांपुरतं खरं नाही, पण ते असो.

आता एम-सीलवाले. पुट्टीचा दोष नाही, ती आपल्या जागी उत्तम आहे. पण ओल्या जोडावर बाहेरून थापलेली पुट्टी म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्या एरर गिळून टाकणारा ट्राय-कॅच. प्रोग्राम चालतोय असं दिसतं, बिघाड आत तसाच. आपल्या बोअरच्या जड पाण्यात तर निसर्गच पुट्टी लावतो. थेंब वाळतो, क्षार राहतो, जोडाभोवती पांढरी खपली जमते आणि गळती थांबल्यासारखी वाटते. लोक खूश होतात. खरं तर ती खपली म्हणजे गळतीचा नकाशा आहे. ती खरवडायच्या आधी नीट बघा, पाणी कुठून सुरू झालं ते सांगते. मग सगळे जोड कोरडे पुसा, प्रत्येकाखाली कागद ठेवा आणि सगळ्यात वरचा ओला जोड शोधा. खालचे बहुतेक वेळा निरपराध असतात. आधी बग पकडायचा, मग कोड बदलायचा. तसंच हे.

एक ‘गळती’ मात्र गळती नसतेच. वीज गेली की पंप थांबतो आणि वर चढवणारा पाइप सायफन होऊन टाकीतलं पाणी उलटं संपमध्ये ओततो. संप भरून वाहतो. २००० च्या दशकातल्या लोडशेडिंगमध्ये ज्यांनी टाक्या सांभाळल्या त्यांना हे पाठ असेल. उपाय दोन. संपमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवायची, आणि वरच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडायचं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. शिवाय प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब वायरवरून बोर्डात न जाता खाली पडेल.

सायफन म्हटलं की धुळेकराने एक नाव घ्यायलाच हवं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. अगदी सुरुवातीच्याच काळात त्यांच्याकडे जी कामं आली त्यातलं एक आपल्या साक्री तालुक्यातल्या दातर्तीचं. पांझरेच्या खोऱ्यात एका प्रवाहाला ओलांडून पाणी पलीकडे नेणारा पाइपचा सायफन बांधायचा होता. हा सायफन आपल्या संपवाल्यापेक्षा वेगळा, उलटा. पाइप प्रवाहाखालून जातो आणि पलीकडे वर येतो, आणि सगळ्यात खोल जोडावर सगळ्यात जास्त दाब असतो. विचार करा, नदीनाल्याच्या वाळूखाली गेलेला जोड नंतर आवळायला पाना घेऊन कोण जाणार? तो बसवतानाच नीट बसवावा लागतो.

आणि जिथे नंतर जाता येतं, तिथे काय करायचं हे आपल्या फड पद्धतीने कधीच सांगून ठेवलंय. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने फडांना पाणी द्यायची ही रीत तीन-चारशे वर्षांची. तिच्यात पाणी वाटायला पाटकरी आणि राखणीला जागल्या, अशी गावाने नेमलेली माणसं असत. पाट साफ करणं आणि दुरुस्त करणं हे शेतकऱ्यांनी मिळून करायचं काम होतं. म्हणजे देखभाल ही कुणाची मेहेरबानी नव्हती, ठरलेलं काम होतं. पाट फुटला की धावायचं, असा कारभार नव्हता.

माझ्या मते गळतीवरचा खरा इलाज हाच. महिन्यातून एकदा, शनिवारी, दहा मिनिटं. हात फिरवून प्रत्येक जोड कोरडा आहे का बघायचं. दर वर्षी उन्हाळ्याआधी वायसर काढून बघायचे, कडक झाले असतील तर बदलायचे. वायसर काही रुपयांना मिळतो. आणि गळलंच तर पंप बंद करा, प्लग काढा, निपलच्या खालपर्यंत पाणी स्वच्छ बादल्यांत काढून ठेवा, जोड खोला, पुसा, कारण शोधा, पुन्हा बसवा. अर्धा दिवस जातो, मान्य. पण तेच पाणी पुन्हा टाकीत जातं आणि आईसमोर मान वर करून बसता येतं.

पाना घरात असू द्या. फक्त तो खोलायला वापरा.