मोटारीतले सिमकार्ड कोणासाठी?

जुलै 2015. अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या महामार्गावर ताशी 70 मैलांनी धावणाऱ्या जीप चेरोकीचा एसी अचानक सुरू झाला, रेडिओ किंचाळू लागला, वायपर फिरू लागले आणि शेवटी ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे दोन संशोधक काही मैलांवरच्या घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. गाडी चालवणाऱ्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती, एवढाच दिलासा. गाण्यांच्या आणि नकाशाच्या पडद्याला असलेल्या मोबाइल जोडणीतून ते गाडीत शिरले होते. त्यानंतर कंपनीला 14 लाख गाड्यांसाठी दुरुस्ती जाहीर करावी लागली.

म्हणून मोटारीला इंटरनेट नकोच, असे म्हणणे मात्र महागात पडेल. भारतात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 जण दगावले. रक्तस्राव होत असलेल्या जखमीसाठी पहिला तास मोलाचा. पण रात्री घाटात दरीत कोसळलेली गाडी कुणाला दिसेपर्यंत पहाट होते. युरोपीय संघाने 31 मार्च 2018पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ‘ईकॉल’ सक्तीचे केले. मोठी धडक बसताच गाडी स्वतः 112 क्रमांक फिरवते. ठिकाण, वेळ आणि दिशा कळवते. चालक बेशुद्ध असला तरी चालते.

यातली खरी गोम पुढे आहे. अपघात होईपर्यंत ईकॉलने गप्प राहायचे, गाडीचा सतत माग काढायचा नाही, असे तिथला कायदाच सांगतो. बाजारातल्या बहुतेक ‘कनेक्टेड’ गाड्यांचे तसे नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांतून चालकांच्या वेगाची, करकचून ब्रेक दाबण्याची नोंद माहिती विकणाऱ्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत गेल्याचे 2024 मध्ये उघड झाले. अनेकांना ते विम्याचा हप्ता वाढल्यावर कळले.

आपल्याकडे अशा गाड्यांची जाहिरात 2019पासून जोरात आहे. डिलिव्हरीच्या दिवशी, हार घातलेल्या गाडीसमोर उभे राहून कोण अटी वाचणार? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्याआधारे सरकारने अपघाताची हाक सक्तीची आणि बाकी माहिती मालकाने मागितली तरच, अशी फोड करायला हवी. जुन्या गाडीच्या व्यवहारात तर आजच काळजी घ्यावी: आरसी नावावर झाली तरी आधीच्या मालकाच्या मोबाइलवरील ॲपमध्ये ती गाडी कुठे उभी आहे हे दिसत राहू शकते. चावी घेतानाच ते खाते त्याच्यासमोर बंद करून घ्यावे.