तंबोरा आपला, गाणे परके?

आपल्या समाजात गाण्याचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक व्यासपीठावर, दुसरे घरात. व्यासपीठावरून वक्ते सांगतात, हिंदुस्थानी संगीत मुसलमान उस्तादांनी घडवले. घरात मुलगी म्हणाली की बारावीनंतर मला गायन घेऊन पदवी करायची आहे, तर तेच वक्ते म्हणतात, हे आपल्यात चालत नाही. पहिल्या वाक्याचा अभिमान खरा असेल तर दुसरे वाक्य टिकत नाही. आणि दुसरे खरे असेल तर पहिल्यावर टाळ्या घेण्याचा आपल्याला हक्क नाही.

गाणे हराम की हलाल, हा वाद मी इथे सोडवणार नाही. मी मुफ्ती नाही, शाळामास्तर आहे. एवढे मात्र माहीत आहे की हा मतभेद जुना आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि अटी घालून त्याला जागा दिली. इब्न हज्मने मनाईच्या हदीसांच्या सनदीवरच शंका घेतली. दुसरीकडे मनाई मानणारे मोठे उलेमा होते आणि आहेत. जो माणूस मनापासून मनाई मानतो आणि स्वतःच्या घरातही पाळतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण त्याच्याशी आहे, जो मुलाच्या वरातीत डीजे लावतो, उर्सात कव्वालावर नोटा उधळतो, मोबाईलवर दिवसभर गाणी ऐकतो आणि मुलीने तंबोरा हातात घेतला की एकदम परहेजगार होतो. याला दीनदारी म्हणत नाहीत. ही सोय आहे.

पण खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. समजा, एखाद्या घराने होकार दिला. पुढे काय? महाराष्ट्रात गायन शिकवणारी विद्यापीठे आहेत. पुण्याच्या विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, एस. एन. डी. टी. आहे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. दार उघडे दिसते. पण गायनाला प्रवेश केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर मिळत नाही, बहुधा आधी गाऊन दाखवावे लागते. तंबोऱ्याच्या सुरात षड्ज लागतो का, यमन किंवा भूपातला छोटा ख्याल तालात म्हणता येतो का, हातावर तीनताल-झपताल धरता येतो का, परीक्षकाने म्हटलेली सरगम परत म्हणता येते का, हे तपासले जाते. बारावीच्या सुट्टीत हे येत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचाच हिशेब करा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. वर्षाला एक धरली तरी पाच वर्षे लागतात. म्हणजे बारावीला दिसणारे दार प्रत्यक्षात पाचवी-सहावीतच बंद झालेले असते, आणि ते बंद करण्यात आपल्या शाळांचा हात असतो.

आमच्या शाळेतली एक मुलगी सलग तीन वर्षे नातच्या स्पर्धेत पहिली आली. गळा असा की अख्खे सभागृह गप्प व्हायचे. बारावीनंतर घरच्यांना कसेबसे राजी करून ती एका ठिकाणी प्रवेशासाठी गेली. तिथे तिला विचारले, पट्टी कोणती? तिला पट्टी म्हणजे मोजपट्टी ठाऊक. वादी-संवादी, आरोह-अवरोह हे शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती. प्रवेश मिळाला नाही. घरी सगळे म्हणाले, बघ, ते आपल्याला घेतच नाहीत. मी म्हणतो, त्यांनी घेतले नाही हे खरे. पण आपण तिला काय देऊन पाठवले होते? ढाल, प्रमाणपत्र आणि टाळ्या. तीन वर्षांत तिला एकदाही तंबोरा ऐकवला नाही.

‘शाळा-कॉलेजात गाणे शिकणे ही आपली रीत नाही, उस्तादाकडेच शिकायचे असते,’ असेही काही जाणकार सांगतात. त्यांनी बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली, ती मौलाबक्ष यांच्या हाताखाली. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके छापली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. बडोद्याच्या विद्यापीठाची आजची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा आपली मुळे त्याच गायनशाळेत सांगते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तेव्हा वर्गात बसून गाणे शिकणे आपल्याला परके नव्हते. ते आपण नंतर परके केले.

त्याचा दोष सगळा दुसऱ्यांच्या पदरात टाकून भागणार नाही. पलुसकर-भातखंड्यांच्या पिढीने संगीत संस्थांत नेले, तेव्हा उस्ताद मागे पडले आणि नव्या वर्गांवर वेगळा धार्मिक रंग चढला, हे खरे आहे. आजही काही क्लासमध्ये सरस्वतीवंदनेशिवाय तास सुरू होत नाही आणि आपली मुलगी दाराशी अवघडून उभी राहते. क्लास चालवणाऱ्यांनी याचा विचार करावा. पण उस्तादांनीही बंदिशी तिजोरीतल्या दागिन्यांसारख्या जपल्या. अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर घडवल्या, करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्व घडवले. खानदानांतल्या बहुतेक लेकी मात्र पडद्याआड राहिल्या. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल. समाजाने हिणवलेल्या घरात जन्मल्या, शाळा पाचवीपर्यंत. आज म्हैसूरला त्यांच्या नावाचे संगीत विद्यापीठ आहे. करीम खाँच्या गाण्याची ती नात. आपल्या घरात तशी नात का नाही?

बंदिशीत कृष्ण येतो म्हणून बिचकणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की बडे गुलाम अली खाँ भजने गायले, आणि पंडितांनी मौला व ख्वाजाच्या बंदिशी गायल्या. कोणाचे इमान गेल्याचे ऐकिवात नाही.

भाषेची सबबही पुरे झाली. ख्याल, तराना, रियाज, उस्ताद हे शब्द कुणाचे? उर्दू माध्यमाचे मूल ते आईच्या दुधाबरोबर घेऊन येते. राहिले वादी-संवादी. भातखंड्यांचे समकालीन राजा नवाब अली यांनी ‘मआरिफुन्नगमात’ हा ग्रंथ उर्दूत लिहिला. उर्दूत शास्त्र आहे. आपल्या शाळांच्या कपाटात ते पुस्तक नाही, एवढेच. शिवाय तजवीद शिकलेल्या मुलाला श्वास कुठे घ्यायचा, अक्षर घशातून की ओठांतून, हे नेमके कळते. तिलावत म्हणजे गाणे नव्हे, याची मला पूर्ण जाण आहे. पण त्या शिस्तीत वाढलेला कान आणि श्वास हे मोठे भांडवल आहे.

‘गाऊन पोट भरेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण डी. एड. करून घरी बसलेल्या मुलांना ती खात्री कुणी दिली होती? संगीतात एम. ए. करून नेट देता येते, कॉलेजात शिकवता येते, शाळेत शिकवता येते, शिकवण्या घेता येतात. आणि दहावीला शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ते आपली मुले दरवर्षी सोडून देतात.

मिरजेला जाऊन पाहा. तिथे दीडशेहून अधिक वर्षे शिकलगार घराण्यांतले कारागीर भोपळ्यापासून तंबोरे घडवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले. मोठमोठ्या गवयांच्या मागे वाजणारा तंबोरा आपल्या हातचा, आणि आपल्या शाळेत तो नाही. मागणी मोठी नाही. पाचवीपासून आठवड्याला दोन तास गाण्याचे, आणि ते तास गणिताला उसने द्यायचे नाहीत. तंबोरा परवडत नसेल तर इलेक्ट्रॉनिक, तोही नसेल तर मोबाईलवरचा. नातची तयारी एका पट्टीत, सुराशी. संज्ञांची चार पानी उर्दू-मराठी यादी. आणि ज्या अंजुमन डॉक्टरकीच्या कोचिंगला वजिफे देतात, त्यांनी दरवर्षी एक वजिफा गायन शिकणाऱ्या मुलीला द्यावा.

हे जमत नसेल तर निदान पुढच्या जलशात उस्तादांची नावे घेऊ नयेत.