वस्तूचा घाट आणि लाभाची वाट

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी दुकानाच्या गादीवर नवी वही मांडली जाते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि त्याच्या दोन बाजूंस दोन शब्द लिहिले जातात : शुभ आणि लाभ. अलीकडे हिशेब यंत्रावर होऊ लागले, तरी पूजेपुरती वही बहुतेक पेढ्यांनी सोडलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. हे दोन शब्द आम्ही बालपणापासून पाहत आलो. परंतु त्यांतील क्रमाचा अर्थ ध्यानी येण्यास आम्हांस साठी ओलांडावी लागली. आधी शुभ, मागाहून लाभ. लक्ष्मीपूजन स्थिर लग्नावर करावे असा जो संकेत आहे, त्याचाही आशय हाच. आलेली लक्ष्मी दारातून परतू नये, घरात स्थिरावी. व्यापार चालणे वेगळे आणि व्यापार टिकणे वेगळे.

हा विचार आमच्या मनात ज्या प्रसंगाने रुजला, तो प्रथम सांगितला पाहिजे, कारण त्यात दोष आमच्याही पदरी येतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही वैनगंगेकाठच्या पवनीहून साकोलीच्या बाजूस एका गावी सप्ताहाच्या कीर्तनासाठी गेलो होतो. निरूपणाचा विषय पंचमहाभूतांचा होता. पृथ्वी माता आहे, जल देवता आहे, गायीच्या ठायी देवांचा वास आहे, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले आणि श्रोत्यांनीही माना डोलावल्या. काल्याचे कीर्तन झाले, महाप्रसाद झाला. राज्यात बंदी येऊन गेलेली असूनही पंगतीस थर्माकोलची ताटे होती. त्याच ताटात आम्हीही जेवलो; ‘हे काय?’ असे एका शब्दाने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्नानास निघालो, तेव्हा मंडपामागे उष्ट्या ताटांचा ढीग पडला होता आणि एक गाय वरणभाताच्या वासाने ती पांढरी ताटे चावून गिळत होती. आदल्या दिवशी याच तोंडाने आम्ही तिची थोरवी गायली होती. तिला हाकलण्यास उचललेला आमचा हात अर्ध्यावरच थांबला. दोष तिचा नव्हताच.

ताटे पुरवणारा दुकानदार माळकरी, सज्जन गृहस्थ होता. त्यास आम्ही रागानेच विचारले. तो हात जोडून म्हणाला, “महाराज, दोन वर्षांमागं पळसाच्या पत्रावळीच आणल्या होत्या. लोक उभ्यानं जेवले, वरण ओघळून धोतरावर गेलं, पानं मधोमध वाकली. पुढच्या साली पंचांनीच सांगितलं, पत्रावळ नको. मी विकतो ते लोक मागतात म्हणून. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

आम्हांजवळ उत्तर नव्हते. प्रवचनात अधर्म म्हणून सांगता येईल असे त्यात काही नव्हते. प्रश्न वस्तूच्या घाटाचा होता.

‘घाट’ हा आपल्या भाषेतील फार अर्थपूर्ण शब्द आहे. दागिन्याचा घाट, भांड्याचा घाट असे आपण म्हणतो, तेव्हा केवळ बाहेरचे रूप आपल्या मनात नसते. वस्तू कशाची करावी, किती जाड करावी, हातात कशी बसावी, किती दिवस चालावी आणि निकामी झाल्यावर तिचे काय व्हावे, हा सारा विचार घडवण्यापूर्वी करणे म्हणजे घाट ठरवणे. आपल्या पूर्वजांनी या विचारास गौण मानले नाही. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीची रचना सांगितली आहे. श्येनाच्या आकाराची चिती विटांच्या पाच थरांनी रचावयाची, प्रत्येक थरात दोनशे विटा, आणि आकार कोणताही घेतला तरी पहिल्या चितीचे क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष इतकेच राखावयाचे. मंत्रोच्चार शुद्ध असला तरी मोजमाप चुकले तर चालत नाही, ही त्यामागील दृष्टी आहे. भावना शुद्ध आणि मांडणी गबाळी, हे ज्यांना यज्ञात मान्य नव्हते, त्यांच्या वंशजांनी ते महाप्रसादात का मानावे?

आमच्या भंडारा जिल्ह्यास तर घाटाचे महत्त्व परक्याने सांगण्याची गरज नव्हती. पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध आहे. तरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यास भारत शासनाने पाचारण केले होते. त्यांनी 1958 साली आपला अहवाल दिला आणि त्यातील विचारातून पुढे 1961 साली अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. देशभर हिंडून पाहिलेल्या वस्तूंपैकी या दांपत्याला सर्वांत सुंदर कोणती वाटली असेल? आपला लोटा! तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, भरलेला असता आणि रिकामा असता त्याचा भार कोठे येतो, धार कशी पडते, आतून घासता कसा येतो, या सर्वांचा विचार त्यात मुरलेला आहे, हे त्यांनी ओळखले. शेवटी धातू म्हणून त्याचे मोल किती उरते, याकडेही त्यांचे लक्ष गेले.

हा शेवटचा मुद्दा आमच्या आया-आज्यांना पाठ होता. त्या त्यास ‘मोड’ म्हणत. फुटका लोटा मोडीत घालावा, वजनाचे पैसे वळते करून नवा घ्यावा. कासाराला धातू परत मिळे, घराला नवे भांडे मिळे, उकिरड्यावर काहीच जात नसे. घेणारा पुन्हा त्याच कासाराकडे येई, म्हणून कासारही खोटा माल देत नसे. वस्तूच्या मृत्यूचाही विचार जिच्या जन्माआधी झाला आहे, अशी ती रचना होती; आणि त्यामुळेच तो व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या टिकला. घसरण लागली ती पोलादाची आणि प्लॅस्टिकची स्वस्त, हलकी भांडी आल्यावर. पितळेस कल्हई लागते, घासण्यास कष्ट पडतात, ही अडचण खरी होती. ती दूर करील असा नवा घाट वेळीच पुढे आला असता, तर गिऱ्हाइकाने पाठ फिरवली असती का, याचा विचार करण्यासारखा आहे.

आता पुन्हा त्या पत्रावळीकडे येऊ. ती हरली कशामुळे? पत्रावळ ही मांडी घालून, जमिनीवर बसून जेवणाऱ्यासाठी योजलेली वस्तू आहे. खाली सारवलेली जमीन, तिचा पत्रावळीस आधार. आपण पंगत मोडली, उभ्याने ताट हातात घेऊन फिरू लागलो आणि जमिनीचा आधार काढून घेतलेल्या पत्रावळीस दोष दिला. जेवण्याची रीत बदलली. पत्रावळीचा घाट मात्र बदलला नाही. त्या फटीतून थर्माकोल आत शिरले.

यावर दोन मार्ग आहेत आणि दोन्ही रचनेचेच आहेत. पहिला, पंगत पुन्हा मांडणे. पंगत ही केवळ रूढी नव्हे, ती अन्न वाया जाऊ न देण्याची योजना आहे. वाढपी विचारून वाढतो, जेवणारा हवे तेवढेच मागतो. दुसरा, पत्रावळीस नवा घाट देणे. पळसाची वा माहूलच्या वेलीची पाने टाचून, दोन थर एकावर एक ठेवून, तापलेल्या साच्यात दाबली की ती ताठ होतात, काठ उचलला जातो, वरणासाठी खळगा पडतो. अशी दाबयंत्रे आता बाजारात मिळतात व अनेक ठिकाणी महिला बचत गट ती चालवतात. एकावर एक नीट रचली जातात, म्हणून वाहतुकीसही सोपी. पान तेच, रान तेच, टाचणारे हातही तेच. बदलला तो केवळ घाट.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बाजारात अशीही ताटे दिसतात की वर पान वा कागद आणि त्याला चिकटलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याने वरण गळत नाही, पण ते ताट मातीतही मिसळत नाही. हे सोवळे नेसून आतून ओवळे राहण्यासारखे आहे. तसेच पळसाचा बहर ओरबाडून झाड बोडके केले, किंवा पाने तोडणाऱ्या बाईच्या हाती दिवसाची मजुरीही पडली नाही, तर तीही रचना टिकणार नाही. झाड, बाई, दुकानदार आणि गिऱ्हाईक या चौघांपैकी एकाचा जरी तोटा ठरलेला असेल, तर तो व्यापार आज चालेल, उद्या बसेल.

कोणी म्हणेल, कायदा आहे, शासन पाहून घेईल. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदी आवश्यकच होती. तथापि ती ‘हे नको’ एवढेच सांगू शकते, ‘मग काय?’ याचे उत्तर कारागिराने आणि व्यापाऱ्याने द्यावयाचे असते. ते उत्तर जेथे मिळाले नाही, तेथे मागील दाराने तीच ताटे परत आली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ती स्वस्त पडतात म्हणणाऱ्यास आमचे सांगणे असे की, तुंबलेली नाली उपसण्याचा खर्च आणि मेलेल्या गायीची किंमत त्या वहीत कोणी मांडलेली नसते. ज्या वहीवर शुभ लिहिले, तिच्यात निम्माच हिशेब लिहावा, हे शोभत नाही.

टिकाऊ रचना म्हणजे काय, हे शिकण्यासाठी साकोलीकरांनी दूर जावयास नको. गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहावे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत आणि त्यांतील कितीतरी कोहळी समाजाच्या कौशल्याची साक्ष देतात. उताराचा अंदाज घेऊन बांधलेली मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी वाहून नेणारी सलंग, खाली धानाच्या बांध्या. पाणी वाटण्यास पाणकर, मासोळीस धीवर, उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतास. एका रचनेवर कितीतरी घरांच्या चुली पेटत आणि कोणाचे उरलेले कोणाच्या कामी येई. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जाणे न्यायाचेच होते. परंतु तलाव शासनाकडे गेले आणि पाळ कोणी दुरुस्त करावी, गाळ कोणी काढावा, याची जुनी घडी विस्कटली. पाळ राहिली, पण तलाव उथळ झाले. तात्पर्य, वस्तू घडवली म्हणजे रचना पूर्ण होत नाही. तिची निगा कोणी राखावी, हेही त्या घाटातच ठरलेले असावे लागते. हे ज्या व्यापाऱ्यास समजले, तो विकलेल्या वस्तूची दुरुस्तीही करून देतो, आणि त्याच्या दुकानाची पायरी नातवंडेही चढतात.

भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरेल. रात्रभर दंडार रंगेल, नाटके होतील, लेकी माहेरी येतील, हजारो माणसे जेवतील. पत्रावळीची मागणी ऐन वेळी केली तर ती पुरी होणार नाही. पाने आधी गोळा करून सुकवावी लागतात, टाचण्यापूर्वी ओलसर करावी लागतात. म्हणून देवस्थानच्या पंचांनी, मंडईच्या मंडळींनी आणि सप्ताहाच्या यजमानांनी पुढील वर्षाचा शब्द बचत गटांस आत्ताच द्यावा, शक्य असल्यास थोडी उचलही द्यावी. गिऱ्हाईक पक्के असेल, तरच कोणी साच्यावर पैसा घालील. आम्हीही स्वतःस एक नियम घातला आहे. ज्या मंडपात गायीच्या पोटात जाऊन तिचा जीव घेणारे ताट मांडले जाईल, तेथे आम्ही कीर्तन करू, कारण ते भगवंताचे आहे. प्रसाद मात्र ओंजळीत घेऊ. गेल्या काही सप्ताहांत ओंजळ पुढे केल्यावर यजमान ओशाळले आणि कोठूनतरी केळीचे पान आले.

येत्या लक्ष्मीपूजनास वहीवर स्वस्तिक काढताना व्यापारी बंधूंनी आपल्या दुकानातील एक तरी वस्तू हाती घ्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत. ही कोठून आली? किती दिवस सेवा देईल? सेवा संपल्यावर कोठे जाईल? घरच्या माउलींनीही तेच प्रश्न खरेदीच्या पिशवीस विचारावेत. उत्तर देताना संकोच वाटला, तर तेथे घाट बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. लक्ष्मी कमळावर बसते आणि कमळास निर्मळ नसले तरी जिवंत पाणी लागते. ते पाणी राखणाऱ्याच्या वहीत शुभामागोमाग लाभ आपल्या पायांनी चालत येईल, यात आम्हांस शंका नाही.