पटांगणाची माती राहू द्यावी

आपल्या निवासी विद्यालयाच्या पटांगणाचा जो भाग अजून मोकळा आहे, त्यावरही फरशी घालावी, अशी सूचना पालकसभेत वारंवार येते. पावसाळ्यात चिखल होतो, गणवेश मळतात, डास वाढतात, ही कारणे खोटी नाहीत. परंतु या सूचनेमागे एक खोल भावनाही आहे. आमच्या वाडवडिलांनी दुसऱ्याच्या मातीत जन्म काढला, आता मुलांच्या हाती पुन्हा कुदळ कशाला, असे पालक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आम्हां शिक्षकांना द्यावेच लागेल.

या भावनेला इतिहासाचा आधार आहे. ज्यांनी माती कसली, त्यांच्या नावावर ती क्वचितच होती. कोकणातील खोती नष्ट व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. माती तुच्छ असती, तर तिच्यासाठी एवढा संघर्ष झालाच नसता. आपल्या पूर्वजांना छळले ते मातीने नाही. छळले ते तिच्यावरचा हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेने. त्या व्यवस्थेने त्यांचे मातीविषयीचे ज्ञानही कधी विद्या म्हणून मोजले नाही. महात्मा फुले यांनी मात्र ते मोजले. १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगरावरून पावसाबरोबर वाहून येणारे खत-मातीचे सत्त्व शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधण्याचा उपाय त्यांनी सुचविला. मृदासंधारण हा शब्द रूढ होण्यापूर्वीचा हा विचार आहे.

तोच विचार शिकविण्यास मुलुंडइतकी सोयीची जागा विरळाच. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेस मिठागरे आणि ठाण्याची खाडी. या काही किलोमीटरच्या पट्ट्यात मातीचे स्वरूप पालटते. डोंगरउतारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ झिजून झालेला मुरूम आढळतो. खाडीकाठी खारट, चिकट गाळ. मुरमात पाणी ठरत नाही आणि गाळात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून तेथील तिवरे श्वसनासाठी मुळे चिखलावर काढतात. दोन्हीकडची मूठमूठ माती काचेच्या दोन बाटल्यांत पाण्याबरोबर ढवळून ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमातीचे कण कित्येक दिवस तरंगत राहतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी पट्टीने थर मोजावेत. चांगल्या मातीचा सुमारे निम्मा भाग म्हणजे हवा आणि पाणी असते, हेही त्यांना सांगावे.

मुले विचारतील, झाड माती खाऊन वाढते काय? सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलो झाडाचे रोप लावून केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली जेमतेम २ औंस. झाड पाण्यापासूनच बनले, असे त्याने मानले. त्यात हवेचाही मोठा वाटा असतो, हे पुढे सिद्ध झाले. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून अन्न तयार करतात. पण ते घटलेले २ औंसही नगण्य नव्हते. नत्र, स्फुरद, पालाश यांचा अंश मातीतून मिळाला नाही, तर झाड खुरटते. एका कारणाने काही घडत नाही, अनेक कारणे एकत्र यावी लागतात, हे तथागतांनी सांगितलेले तत्त्व मुलांना कुंडीतही दिसेल. आणि मोठ्या शास्त्रज्ञाचा निष्कर्षही तपासून घ्यावयाचा असतो, हा धडा वेगळा.

मुलुंडकरांनी कचऱ्याचा डोंगर वर्षानुवर्षे सोसला. येथील कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. भाजीची देठे आणि शिळे अन्न प्लॅस्टिकमध्ये मिसळले की त्याची दुर्गंधी होते. वेगळे ठेवून कोरड्या पानांबरोबर कुजविले की काही महिन्यांत खत होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून रोज निघणारा ओला कचरा ही आपली प्रयोगशाळाच आहे.

म्हणून आमची सूचना अशी. ये-जा करण्याच्या वाटेवर खुशाल फरशी घालावी. उरलेल्या मातीत प्रत्येक इयत्तेला दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफा द्यावा. पालापाचोळ्याचे खत मिसळलेली भुसभुशीत माती पाणी मुरविते. डास होतात ते साचलेल्या पाण्यात आणि पाणी तर फरशीच्या खळग्यातही साचते. वाफ्यावरील काम शिक्षा म्हणून कोणालाही देऊ नये आणि त्यातून कोणाचीही सुटका नसावी. मुलगे, मुली आणि शिक्षक, सर्वांनी ते करावे. प्रत्येक मुलाच्या हाती कुदळीबरोबर नोंदवहीही असावी. बी कधी पेरले, किती दिवसांनी उगवले, कोणत्या मातीत जोमाने वाढले, हे त्याने स्वतः लिहावे.

आपल्या आजोबांना माती हाताने कळत होती, पण तिच्याविषयी लिहिण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या नातवंडांना ती मिळावी, एवढ्यासाठी पटांगणाचा हा तुकडा मोकळा राहावा, अशी सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. जयभीम.