म्हाताऱ्यांची लस कोणाच्या पैशाने?

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई शहरात दर हजारी युरोपियन ८, पारशी ९ आणि 'इतर हिंदू' सुमारे १९ दगावले. ज्यांना सरकारी दप्तरात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले गेले, ते दगावले हजारी ६१ हून अधिक! रोगजंतू जात विचारत नाही, असे आम्हाला सांगितले जाते. मग हा फरक आला कोठून? तो आला कोंदट खोल्यांतून, अर्धपोटी जगण्यातून आणि औषधपाण्याच्या अभावातून. आपला मध्य प्रांत-वऱ्हाडही त्या साथीत देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता.

आज फ्लूवर लस आहे. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. तिने साधी सर्दी थांबत नाही. पण फ्लू बळावून न्यूमोनिया होण्याचा, दवाखान्यात भरती होण्याचा आणि जीव जाण्याचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांना ही लस अग्रक्रमाने द्यावी म्हटले आहे, त्यात वृद्ध आहेत. परंतु देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात वृद्धांसाठी ही लस नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली गरोदर माता, मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत देण्यास सुरुवात केली. पण केवळ वय झाले म्हणून लस हक्काने मिळावी, अशी सोय नाही.

खासगी दवाखान्यात या लसीला हजार-दोन हजार रुपये पडतात. श्रावणबाळ योजनेचे मानधन आहे महिन्याला १५०० रुपये. म्हणजे एका सुईत महिन्याची भाकर गेली! ज्याने जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत छाती खराब करून घेतली, जी साठी उलटूनही भर पावसात दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, त्यांनी भाकर घ्यावी की लस?

म्हातारी माणसे लस घ्यायला येत नाहीत, असे साहेबलोक म्हणतील. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट अमरावती-अकोल्यात आधी उसळली. १ मार्चपासून साठीपुढच्यांना सरकारी केंद्रात मोफत लस सुरू झाली, तेव्हा हीच माणसे काठी टेकत रांगेत उभी राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रे तीच आहेत. फ्लूची लसही बाळांच्या लसींसारखी साध्या फ्रीजमध्ये राहते. मग अडते कुठे? इच्छाशक्तीत!

संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. म्हणून आमची मागणी ही भीक नव्हे. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढच्या प्रत्येकाला पावसाळ्यापूर्वी ही लस मोफत मिळाली पाहिजे. पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लस लागू पडायला सुमारे दोन आठवडे लागतात. एप्रिल-मे हाच योग्य काळ आहे.

बांधवांनो, १४ एप्रिल याच काळात येते. जयंती मंडळांनी डीजेवरचा थोडा खर्च वाचवावा. विहारात बसून वस्तीतील साठीपुढच्या स्त्री-पुरुषांची यादी करावी. त्यात साखर, बीपी, दम्याचे कोण, ते लिहावे. ती यादी निवेदनाला जोडून जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्य चिकित्सकांना द्यावी, पोच घ्यावी. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीमाईंनी प्राण दिले. आपल्याला तर फक्त यादी करून पाठपुरावा करायचा आहे. तेवढेही आपण करणार नाही काय?

जयभीम!