लाज आणि इलाज

ज्यावर हमखास औषध आहे, ते औषध सरकार विनामूल्य देते, आणि तरीही ज्याचे निदान संकोचापायी राहून जाते, असा एक रोग म्हणजे ‘हिपॅटायटिस सी’ होय. यकृत पोखरणारा हा विषाणू दूषित रक्त व सुया यांतून पसरतो, हे सुशिक्षितांस ठाऊक आहे. परंतु एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत तो संभोगातूनही पसरतो, हे लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम येथील डॉक्टरांच्या ध्यानी २००० सालानंतर आले. गुदमार्गातील नाजूक अस्तरास इजा होते, रक्ताचा संपर्क घडतो व लागण होते. वर्षानुवर्षे लक्षण दिसत नाही; एच.आय.व्ही. जोडीस असता यकृताची हानी मात्र अधिक वेगाने होते.

हा प्रश्न युरोपचा, बुलढाण्याचा नव्हे, असे म्हणणे ही आत्मवंचना होय. असे पुरुष खामगाव, मेहकर, मलकापूर येथेही आहेत; कित्येक विवाहित आहेत. महानगराच्या गर्दीत माणूस लपतो. जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाच्या रांगेत शेजारी भेटतो. डॉक्टर विचारीत नाहीत, रुग्ण सांगत नाही.

कायद्याने आपले कर्तव्य केले आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा गोपनीयतेची हमी देतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यांतून वगळले, आणि त्याच वर्षी हिपॅटायटिसच्या मोफत निदान-उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शेकडा ९५ च्या आसपास रुग्ण बरे होतात. नेदरलंड्सने ही औषधे सर्वांस खुली केल्यावर २०१४ च्या मानाने २०१६ मध्ये अशा पुरुषांतील नवी लागण निम्म्यावर आली. मात्र यावर लस नाही, आणि बऱ्या झालेल्यासही पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून एकदाच तपासून भागत नाही.

यास्तव आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यात एच.आय.व्ही.चे उपचार घेणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी दरसाल व्हावी. सर्वांचीच झाली, म्हणजे कोणा एकास आपले गुपित उघड करावे लागणार नाही. पूर्वी बऱ्या झालेल्यांच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणूचाच शोध घ्यावा. आणि निरोधाविषयी उपहासाचा स्वर न लावता बोलावे. नीतीचा निवाडा ज्याने त्याने घरी करावा. दवाखान्यात निवाडा व्हावा तो केवळ रोगाचा.