कीर्तिवंतांची दोन वाक्ये

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे आणि नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. या नात्याच्या बळावर २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमानला भरले. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पंजाबचा शेतकरी दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडून बसला, तेव्हा त्याचे गाऱ्हाणे समजून घेण्याची पात्रता आपल्यापाशी इतरांहून काकणभर अधिक असावयास हवी होती. प्रत्यक्षात आपण चर्चा केली ती गायिकेच्या एका प्रश्नाची आणि क्रिकेटपटूच्या उत्तराची.

२ फेब्रुवारी २०२१ रोजी बार्बाडोसची गायिका रिहाना हिने या आंदोलनाविषयी ट्विटरवर एक ओळ लिहिली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढून नामवंतांच्या अशा शेऱ्यांचा समाचार घेतला. पाठोपाठ सचिन तेंडुलकर व लता मंगेशकर यांच्यासह अनेकांनी देशाच्या ऐक्याचा उच्चार केला. काहींची शब्दयोजना इतकी एकसारखी होती की शाळेतील निबंधाच्या वह्या तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाच्या ते ध्यानात आले असते! शरद पवारांनी तेंडुलकरांना आपल्या क्षेत्राबाहेर बोलताना काळजी घेण्याचा सल्ला दिला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी तर या मजकुरामागे दडपण होते काय याच्या चौकशीची भाषा केली व पुढे तिचा रोख लतादीदी किंवा सचिन यांच्यावर नसल्याचा खुलासा केला.

परकीयाने आपल्या प्रश्नावर बोलूच नये, हा युक्तिवाद आपल्या तोंडी शोभत नाही. चीन-जपान युद्धात १९३८ साली काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठविले त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९७१ साली रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसनला सोबत घेऊन न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जलसा केला, तेव्हा तो पाकिस्तानच्या अंतर्गत कारभारातील हस्तक्षेप आहे असे आपल्याकडे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. १९७४ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळण्यास भारताने नकार दिला. चषक गेला, पण त्याचा आपल्याला अभिमानच वाटतो.

प्रश्न आहे तो बोलणाऱ्याच्या माहितीचा आणि त्याने मोजलेल्या मोलाचा. कोटणीस चीनला निघाले तेव्हा विख्यात नव्हते. तेथील सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत ते १९४२ साली तेथेच निवर्तले, आणि कीर्ती मागाहून आली. रविशंकरांचे घराणेच पूर्व बंगालातील. रिहानाला तिच्या ओळीसाठी काय मोजावे लागले? आणि तिला उत्तर देणाऱ्यांना तरी काय? दोन्ही बाजूंनी खर्च झाला तो केवळ लौकिकाचा, आणि तोही व्याजावर भागावा इतकाच.

या गदारोळात कायद्यांतील कलमे बाजूला पडली. पंजाबात गहू-भाताची सरकारी खरेदी मोठ्या प्रमाणावर होते. बाजार समितीबाहेरच्या करमुक्त व्यापाराने ती व्यवस्था पोखरली जाईल, ही तेथील भीती होती. वसमत-हिंगोलीच्या शेतकऱ्याचे तसे नाही. त्याच्या हळदीला हमीभाव नाहीच, आणि सोयाबीनला असला तरी सरकारी खरेदी तुटपुंजी. येथे बाजार समितीच्या आडत्याविषयी प्रेम असण्याचेही विशेष कारण नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मुक्त बाजारपेठेची मागणी दीर्घकाळ लावून धरली ती उगाच नव्हे. म्हणजे पंजाबचा आणि मराठवाड्याचा शेतकरी हे दोघेही प्रामाणिकपणे परस्परविरुद्ध मते बाळगू शकत होते. हे कोणत्या ट्वीटमध्ये मावणार?

त्याच संघटनेचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या समितीचे सभासद होते. आंदोलक संघटनांनी समितीवर बहिष्कार घातला, हे तिचे मोठे न्यून होते. तथापि तिने इतर अनेक संघटनांचे म्हणणे नोंदवून मार्चमध्ये बंद लिफाफ्यात अहवाल सादर केला. तो उघडण्यापूर्वीच नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्यात आले. अखेर मार्च २०२२ मध्ये घनवटांनी स्वतःच तो अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर कोणा गायिकेने वा खेळाडूने काही लिहिल्याचे आठवत नाही. आणि आपणही, खरे सांगायचे तर, तो वाचला नाही.